चोवीस वेळा पुसलेली फळी

ही १९७७ सालची गोष्ट. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि पुढच्या फेब्रुवारीत संपली. आमच्याकडे हिवाळा एका वर्षात मावत नाही, म्हणून आम्ही त्याला दोन आकड्यांनी ओळखतो. हा सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरचा हिवाळा. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते. आज नव्वदीत आहे, आणि त्या हिवाळ्यातला एकेक इंच मला अजून पाठ आहे.

ईस्ट शाफ्ट ही मोठ्या सरोवराकाठच्या टेकडीवरची आमची खाणकामगारांची वस्ती. बहुतेक घरं समुद्रापलीकडून येऊन इथे वसलेल्या आम्हा फिनिश लोकांची, चार-दोन इंग्रज कॉर्निश लोकांची. तांब्याची खाण बंद पडून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. खाण गेल्यावर वस्तीला छाती फुगवायला एकच गोष्ट उरली, ती म्हणजे बर्फ. सरोवरावरून वारा सुटला की तो आमच्या टेकडीवर येऊन सगळा रिता होतो. वर्षाला अडीचशे इंच बर्फ म्हणजे आम्ही त्याला बरा हिवाळा म्हणायचो. दुसऱ्या गावांत माणसं फुटबॉलवरून भांडत असतील, आम्ही इंचांवरून भांडायचो.

भांडायची जागा ठरलेली होती. सहकारी दुकानाच्या मागच्या बाजूला शेगडी होती, तिच्यालगत एक लांब टेबल. सकाळी आठला तिथे कॉफी घेऊन पुरुष बसायचे. बायका काउंटरपाशी उभ्या राहायच्या. असा नियम कुणी केला नव्हता, पण त्या टेबलाशी बाई बसलेली मी तोवर पाहिली नव्हती. काउंटरमागे काळा फळा होता. त्यावर दुकान सांभाळणारी हेल्मी रोज खडूनं कालचा आकडा लिहायची, आणि त्याखाली मोसमाची बेरीज.

तो आकडा आमच्या घरून जायचा. माझा नवरा आर्व्हो १९४६ पासून हवामान खात्याचा निरीक्षक होता. पगार नाही, मानाचं काम. अंगणात बर्फ वितळवून त्याचं पाणी मोजायला खात्याचा उंच पत्र्याचा नळा, त्याच्याजवळ जमिनीवर पांढरा रंग दिलेली एक फळी, आणि इंचांची पट्टी. फळीवर पडलेला बर्फ मोजायचा, कार्डावर लिहायचा, फळी पुसून पुन्हा ठेवायची. कार्डावर नाव आर्व्होचं असायचं. मोजायची मी. सकाळी सातला आर्व्हो जमिनीखाली असायचा, तो कुठून मोजणार?

या कामातला एकच नियम महत्त्वाचा. फळी दिवसात जास्तीत जास्त चार वेळा पुसायची, दर सहा तासांनी एकदा. त्याहून जास्त नाही. कारण पडलेला बर्फ खाली बसतो, स्वतःच्या वजनानं दबतो. तुम्ही दर तासाला फळी पुसलीत तर त्याला बसायला सवडच मिळत नाही. उतू येणारं दूध मोजावं तसं होतं ते. बेरीज भलतीच फुगते. खात्याच्या पुस्तिकेत हे सतराव्या पानावर छापलेलं होतं. मी त्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती.

१९७४ मध्ये आर्व्हो गेला. छातीत खाणीची धूळ होती. काम माझ्या नावावर झालं. हात तोच, पट्टी तीच, फळी तीच. पण कार्डावर बाईचं नाव आलं आणि लांब टेबलाला बर्फ कमी पडू लागल्यासारखा वाटला.

"आर्व्हो गेला तो बर्फही बरोबर घेऊन गेला," असं ओन्नी पेल्कोनेन म्हणायचा. ओन्नी आमच्या समोरचाच, रस्त्यापलीकडचा. खाणीत पाळण्याचा चालक होता. पाच हजार फूट खोल माणसं सोडायचा आणि वर आणायचा. आपल्या हातात दोनशे माणसांचे जीव होते हे तो कुणाला विसरू द्यायचा नाही.

"बर्फ पडतो तेवढाच पडतो रे," कॉर्निश ट्रेम्बाथ म्हणायचा. "बाईची पट्टी आखूड आहे."

"पट्टी ठीक आहे. बाई वाकत नाही. लांबूनच बघते, 'अय्या, किती गार!' आणि पळते आत." हा पुन्हा ओन्नी.

"बायकांना बर्फ आवडतच नाही मुळात. त्यांना दिसतो तो फावड्यानं उपसायचा ढीग. जितका कमी लिहिला तितकं त्यांना बरं वाटतं," टेबलावरचा तिसरा कुणीतरी भर घालायचा.

हे मी काउंटरपाशी खमीर घेत उभी असताना चालायचं, मला ऐकू यावं म्हणूनच. मीही गप्प बसणारी नव्हते.

"ताउनो," मी एकदा विचारलं, "काल तुझ्या दारातला बर्फ कुणी उपसला?"

ताउनो आमच्या लग्नात आर्व्होचा करवला होता. भला माणूस, पण टेबलाशी बसला की टेबलाचा. तो म्हणाला, "सुनेनं. माझी कंबर धरलीय ना."

"आणि तुझा, ट्रेम्बाथ?"

"बायकोनं. मी पाइप ओढत देखरेख केली."

"मग किती पडला ते त्या दोघींना विचारा. पट्टी लागायची नाही त्यांना. पाठ सांगेल."

हेल्मी खडू तोंडाशी धरून हसली. पुरुषही हसले, ओन्नी सोडून. ओन्नीला उत्तर द्यायला सहा महिने लागले, पण त्यानं ते दिलं.

त्या आधीच्या मोसमात शेजारच्या वुल्फ क्रीकचे दोनशे एक्क्याण्णव इंच झाले आणि आमचे दोनशे त्रेसष्ट. ओन्नीच्या ते जिव्हारी लागलं. त्यानं हवामान खात्याला पत्र लिहिलं आणि वस्तीत फिरून सह्या गोळा केल्या. चौदा सह्या. पत्राची नक्कल खात्यानं मला रीतसर पाठवली. त्यातलं वाक्य असं होतं: 'बाईमाणसाच्या तब्येतीला आणि स्वभावाला हे काम झेपत नाही, अशी वस्तीची भावना आहे.' पहिली सही ओन्नीची. पाचवी ताउनोची.

ऑक्टोबरच्या एका सकाळी खात्याचा ट्रक आला. दोघा माणसांनी नळा उपटला आणि रस्ता ओलांडून ओन्नीच्या अंगणात रोवला. वीस पावलं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला तो समोर दिसायचा. एकतीस वर्षांचे आकडे एका हातचे होते, आणि बत्तिसाव्या वर्षी तो हात बदलला. मूल नव्हतं आम्हाला. आर्व्होच्या आणि माझ्या संसाराचं म्हणून काही मागे राहणार असेल तर ती कार्डं होती. सकाळी सातला उठायला मला कारण उरलं नाही, आणि तरी मी सातला उठायचे. खिडकीत उभी राहून ओन्नीला वाकताना बघायचे.

पुस्तिका द्यायला मी स्वतः गेले होते. माझ्या खुणांसकट.

"अगं व्हिएनो," तो दारातूनच म्हणाला, "मी बर्फात जन्मलोय. पुस्तक वाचून बर्फ कळतो का?"

तरी त्यानं ती घेतली. पुढच्या शनिवारी मला तिचं काय झालं ते कळलं. शनिवारी आमच्याकडे सौना, म्हणजे वाफेनं अंघोळ करायची लाकडी खोली, तापवतात. त्यांच्या आणि आमच्या घरात मिळून एकच सौना होती, आधी बायका जायच्या, मागून पुरुष. ओन्नीची बायको सिल्व्ही आणि मी त्या वाफेत शेजारी शेजारी बसून वीस वर्षं बोललो होतो. पुरुषांची भांडणं आम्ही आत आणत नसू.

"तुझी ती पुस्तिका ना," सिल्व्ही तापल्या दगडांवर पाणी ओतत म्हणाली, "ओन्नीनं आज जाळ पेटवायला घेतली. चाळीस पानं होती, दगड झटक्यात तापले बघ."

आम्ही दोघी हसलो. मी जरा जास्तच हसले. सतरावं पान त्या जाळात गेलं होतं, आणि ओन्नीनं ते वाचलेलं नव्हतं. मी ते त्याला सांगू शकत होते. सिल्व्हीला सांगितलं असतं तरी पुरलं असतं. मी दगडांवर आणखी एक पळी पाणी ओतलं.

आर्व्होची जुनी फळी आणि नळ्याऐवजी एक पत्र्याचा डबा मी लाकडाच्या खोपीमागे मांडला आणि मोजणं चालू ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. जुनी कोरी कार्डं होतीच.

जानेवारीच्या मध्याला रेडिओवर सांगू लागले की सरोवरावरून मोठा बर्फ येतोय, एक दिवस-रात्र थांबणार नाही. लांब टेबल आनंदानं वेडं झालं होतं. बाहेरची माणसं अशा बातमीनं दारं-खिडक्या लावून घेतात. आमच्याकडे लग्नघर असल्यासारखं होतं.

"या खेपेला वुल्फ क्रीकच्या नाकावर टिच्चून," ट्रेम्बाथ म्हणाला. "काय ओन्नी, चाळीस होतील?"

"चाळीस? आर्व्होचे एका दिवसाचे जास्तीत जास्त एकोणचाळीस होते. मी पंचेचाळीस काढून दाखवतो."

जणू तो गायीची धारच काढणार होता. मी वेलदोडे तोलून घेत होते. पुडी हातात घेऊन टेबलाजवळ गेले.

"आर्व्होची फार इच्छा होती," मी म्हणाले, "एखाद्या मोठ्या बर्फात दर तासाला फळी पुसून मोजायची. राहूनच गेलं त्याचं."

ओन्नीनं कप खाली ठेवला. "दर तासाला?"

"तो आपला दिवसातून चारदाच पुसायचा. पाळी असायची, झोप हवी. वुल्फ क्रीकचा माणूसही चारदाच पुसतो. मग बर्फ दबतो, निम्मा हातचा जातो. तासातासाला पुसला तर काहीच दबायचं नाही."

"मग तू का नाही केलंस?" ताउनोनं विचारलं.

"मी? अरे, बाईमाणूस मी. दिवस-रात्र चोवीस वेळा त्या वाऱ्यात कोण जाईल? ते येरागबाळ्याचं काम नाही. छातीचा पुरुष पाहिजे, नाहीतर वेडा पाहिजे."

"मग ओन्नी दोन्ही आहे!" ट्रेम्बाथ ओरडला आणि सगळं टेबल खो-खो हसलं.

मी बोलले त्यात एकच वाक्य खोटं होतं, आर्व्होच्या इच्छेचं. बाकी अक्षर न अक्षर खरं होतं. चारदाच पुसतात हेही मी सर्वांदेखत सांगितलं होतं. ओन्नीनं त्यातला नियम ऐकला नाही, फक्त आळस ऐकला. तो खिडकीबाहेर बघत होता, आणि त्याच्या तोंडावर मला चोवीस हा आकडा दिसत होता. सिल्व्ही काउंटरपाशी पाव घेत उभी होती. तिच्याकडे मी पाहिलं नाही.

गुरुवारी सकाळी सातला बर्फ सुरू झाला. आठ वाजता पेल्कोनेनांचं मागचं दार उघडलं. ओन्नी मोठा कोट घालून बाहेर आला, वाकला, मोजला, फळी पुसली, आत गेला. नऊला पुन्हा तो. दहाला दार उघडलं तेव्हा कोट दिसला नाही. लाल लोकरी रुमाल दिसला. सिल्व्ही होती.

अकराला सिल्व्ही. बाराला सिल्व्ही. मी दुपारी एकला माझी पहिली मोजणी केली, मग संध्याकाळी सातला, मग रात्री एकला. प्रत्येक वेळी आत आल्यावर खिडकीत उभी राहायचे, आणि घड्याळाचा काटा वर गेला की समोर कंदील हलायचा. वारा असा होता की ती नळ्याला धरून उभी राहायची. कमरेएवढ्या बर्फातून फळीपर्यंत जायला तिला दर खेपेला जास्त वेळ लागत होता.

रस्ता ओलांडायला वीस पावलं होती. मी ओलांडला नाही. मला तो आकडा हवा होता. हे मी आज जसंच्या तसं लिहिते आहे, कारण लपवायला आता कुणी उरलेलं नाही.

शुक्रवारी सकाळी सातला माझ्या चार मोजण्यांची बेरीज साडेचौतीस इंच झाली. मोठाच बर्फ तो. आठला हेल्मीनं फळ्यावर ओन्नीचा आकडा लिहिला: सत्तावन्न.

टेबलावर मुठी आपटल्या, टोप्या उडाल्या. राज्यात एका दिवसात एवढा बर्फ कधी कुणी मोजला नव्हता. रेडिओनं सांगितलं. वर्तमानपत्राचा माणूस आला आणि ओन्नीचा फळीशेजारी फोटो काढून गेला. 'चोवीस तास डोळ्याला डोळा न लावता' असं फोटोखाली छापलं होतं. ओन्नीनं ते कात्रण दुकानाच्या दाराला लावलं आणि फळ्यावरचं सत्तावन्न कुणाला पुसू दिलं नाही. पोरीबाळींना थांबवून थांबवून सांगायचा, "हे मनगटाचं काम आहे, गं. सुईदोऱ्याचं नाही."

त्या शनिवारी सिल्व्ही सौनाला आली नाही. पायाला जरा लागलंय, म्हणून निरोप आला. पुढच्या शनिवारीही नाही.

मी खात्याच्या नावानं एक कार्ड टपालात टाकलं. तक्रार नव्हती. चार वेळा, चार आकडे, बेरीज, आणि माझं नाव.

विक्रमाचा आकडा आला की खातं माणूस पाठवतंच. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मिस्टर व्हिटलॉक आले. सडपातळ, चष्म्याचा, हळू बोलणारा माणूस. ओन्नीनं त्यांना घरी नेलं नाही. दुकानात लांब टेबलाच्या मधोमध बसवलं, सगळ्यांसमोर. घरून निसू मागवला, आमचा वेलदोड्याचा गोड पाव. तो घेऊन सिल्व्ही आली. ती उजवा पाय ओढत चालत होती. मी काउंटरपाशी उभी होते, पर्स दोन्ही हातांनी धरून.

"मिस्टर पेल्कोनेन," व्हिटलॉक वही उघडत म्हणाले, "मला फक्त पद्धत समजून घ्यायची आहे. फळी किती वेळा पुसलीत?"

"चोवीस वेळा!"

"चोवीस?"

"एकही तास चुकवला नाही. लिहा, लिहा. तुमच्याकडे दुसरा कुणी आहे का असं करणारा?"

"नाही," व्हिटलॉक म्हणाले. "दुसरा कुणी नाही." त्यांनी लिहिलं, चष्मा काढला, पुसला. "तुम्हाला पुस्तिका मिळाली होती ना?"

"मिळाली होती की. चांगली जळली."

टेबल हसलं. व्हिटलॉक हसले नाहीत. त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. चार वेळा, सहा तास, बर्फाचं बसणं, बेरजेचं फुगणं. "हा आकडा नोंदवता येणार नाही. आणि जानेवारीपासून तुम्ही असंच मोजत असाल तर पुढचेही आकडे काढून टाकावे लागतील."

ट्रेम्बाथनं पाइप तोंडातून काढला.

"म्हणजे सत्तावन्न नाहीच?" त्यानं विचारलं.

ओन्नीची मान खालून वर लाल होत गेली. तेरा माणसं त्याच्याकडे बघत होती. मला वाटलं, झालं, भरून पावलं. पण मग त्यानं हात लांब करून सिल्व्हीकडे दाखवलं.

"मी कुठे पुसली? हिनं पुसली! मी बजावलं होतं, सहा तासांनी जा म्हणून. बायकांना एक गोष्ट धड सांगून समजेल तर शपथ. मी झोपलो होतो, मला काय ठाऊक?"

"आत्ताच तर म्हणालास झोपलो नाही," ताउनो पुटपुटला.

व्हिटलॉकची पेन्सिल थांबली. "मग चूक मिसेस पेल्कोनेन यांची होती, असं लिहू?"

मी तोंड उघडलं होतं. पण सिल्व्हीनं निसूचं ताट टेबलावर ठेवलं, रिकामी खुर्ची ओढली आणि ती बसली. लांब टेबलाशी. आर्व्होच्या खुर्चीत. मग वाकून तिनं उजव्या पायातला बूट काढला, मोजा काढला आणि पाय शेगडीच्या उजेडात धरला. पट्टी बांधलेली होती. करंगळीच्या जागी काही नव्हतं; त्या रात्रीच्या गारठ्यानं ती गेली होती.

"पहिल्या दोन खेपांना तू गेलास, ओन्नी," ती म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. "बावीस वेळा मी गेले. तू खाटेवरून ओरडायचास, 'सिल्व्ही, वेळ झाली.' घड्याळ उशाशी घेऊन झोपला होतास. सहा तास म्हणाला असतास तर माझं बोट राहिलं असतं."

ताउनोनं टोपी काढली. का काढली ते त्यालाही कळलं नसावं.

"दुसरी कुणाची मोजणी आहे का, म्हणजे पडताळा पाहता येईल?" असं व्हिटलॉकनी विचारलं, पण ते माझ्याकडेच बघत होते. माझं कार्ड त्यांच्या वहीत होतं. "मिसेस कांगास, बर्फ वितळवून पाणी किती निघालं?"

"एक पूर्णांक नऊ इंच."

"मिस्टर पेल्कोनेन यांच्या नळ्यातही तेवढंच निघालं होतं. पाणी फुगत नाही." त्यांनी वही मिटली. "साडेचौतीस."

हेल्मीनं कुणी न सांगता ओला फडका घेतला, सत्तावन्न पुसलं आणि विचारलं, "व्हिएनो, अर्धा लिहू ना?"

"लिही. अर्धाही माझाच आहे."

मिस्टर व्हिटलॉक म्हणाले की नळा परत हलवायचा तर वस्तीचा अर्ज लागेल. अर्ज माझ्या पर्समध्ये होता. चार महिने होता. मी तो टेबलावर ठेवला, ताटाशेजारी, आणि पेन ठेवलं. मजकूर ओन्नीच्याच पत्राचा होता. मी फक्त एक शब्द बदलला होता: 'पुरुषमाणसाच्या तब्येतीला आणि स्वभावाला हे काम झेपत नाही, अशी वस्तीची भावना आहे.'

ट्रेम्बाथनं वाचलं आणि घसा खाकरला. "व्हिएनो, हे जरा जास्त होतंय."

"ओन्नीच्या पत्रावर सही केलीस तेव्हा झालं नव्हतं?"

"तेव्हा आम्ही... म्हणजे थट्टेत..."

"मग हीही थट्टाच समज. चौदा सह्या हव्यात. तेच चौदा, त्याच क्रमानं. ओन्नीची पहिली."

मी घाईत नव्हते. हेल्मीनं माझ्यासाठी कॉफी ओतली आणि मी ती उभ्यानं प्याले. मग सिल्व्हीनं पेन उचललं आणि नवऱ्यापुढे धरलं.

"कर," ती म्हणाली. "वेळ झाली."

ओन्नीनं सही केली. आडनावातलं शेवटचं अक्षर कागदाबाहेर गेलं. पाचव्या सहीला ताउनोनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर काढून घेतली नाही. चौदाही सह्या झाल्यावर मी कागद फुंकून वाळवला आणि मिस्टर व्हिटलॉकना दिला. एक प्रत मी आधीच तयार ठेवली होती, तिच्यावरही सगळ्यांच्या घेतल्या.

मी बाहेर पडले तेव्हा सिल्व्ही पायरीवर बूट बांधत बसली होती. मी तिला हात दिला. तो तिनं घेतला नाही.

"दर तासाचं तूच सुचवलंस," ती म्हणाली. "मी काउंटरपाशी होते."

"हो."

"रात्री तुझ्या खिडकीत दिवा होता. मला दिसत होता तो. मला वाटायचं, व्हिएनो जागी आहे, येईल."

ती उठली, कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरली. "शनिवारी सौनाला येईन," म्हणाली. "पण तू बोलू नकोस."

ती आली, आणि मी बोलले नाही. मेपर्यंत आम्ही वाफेत मुकाट बसलो. मग एका शनिवारी तीच म्हणाली की पाणी जरा कमी ओत, आणि तिथून पुन्हा सुरू झालं.

नळा एप्रिलमध्ये माझ्या अंगणात परत आला. त्या मोसमाच्या नोंदीत जानेवारी-फेब्रुवारीचे आकडे माझ्या कार्डांवरून घेतले गेले.

ट्रेम्बाथ तीन वर्षांनी मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेला. तिथे बर्फ पडत नाही. मरेपर्यंत दर जानेवारीत मला कार्ड पाठवून किती इंच झाले ते विचारायचा, आणि मी कळवायचे.

ताउनोनं पुढच्या वसंतात न सांगता येऊन माझ्या खोपीचं छप्पर नवं करून दिलं. दोन दिवस वर बसून खिळे ठोकत होता. मी खाली जेवण नेऊन ठेवायचे. १९८६ मध्ये तो गेला. मी त्याच्या मातीला गेले.

दुकान १९९१ मध्ये बंद झालं. हेल्मीनं फळा घरी नेला, त्यावर नातवंडांची उंची लिहायची. मिस्टर व्हिटलॉकनी मला चाळीस वर्षांच्या सेवेची पिन पाठवली. पहिली अठ्ठावीस वर्षं आर्व्होच्या नावावर होती, तरी पिनवर त्यांनी माझंच नाव कोरून घेतलं होतं.

ओन्नी त्या हिवाळ्यात पुन्हा टेबलाशी आला नाही. पुढच्या हिवाळ्यात आला, पण कडेला बसायचा आणि आकड्यांवर बोलायचा नाही. आणखी अकरा वर्षं जगला. शेवटी त्याची नजर गेली. रोज सकाळी खाटेवरून विचारायचा, "किती पडला?" सिल्व्ही माझ्याकडून खरा आकडा घेऊन जायची आणि त्याला दोन इंच कमी करून सांगायची. रोज. "यंदा काही जोर नाही," असं म्हणून तो सुस्कारा सोडायचा. मी तिला एकदा विचारलं, हे किती दिवस चालवणार? ती म्हणाली, "बावीस वेळा झालं की थांबेन." ती थांबली नाही.

मोजणं तिनं माझ्याकडूनच शिकून घेतलं. १९९८ मध्ये माझे गुडघे गेले तेव्हा नळा पुन्हा रस्ता ओलांडून तिच्या अंगणात गेला, या वेळी माझ्या अर्जावर. ती लंगडत जायची, पण आकडा कधी चुकला नाही. २०११ मध्ये ती गेली. त्या सकाळचं कार्डही लिहून ठेवलेलं होतं. सहा पूर्णांक दोन.

बोटाबद्दल मला वाईट वाटतं. रोज वाटतं. बाकी कशाबद्दल नाही. चौदा सह्यांचा कागद माझ्या कपाटात चादरींखाली आहे. सह्या करणाऱ्यांपैकी आता कुणी हयात नाही, पण त्यांची मुलं-नातवंडं आहेत, आणि बर्फाचा विषय निघाला की मी तो काढून दाखवते.